चिमणी घ्यायची, पण धुराला वाट कुठली?

मागच्या पावसाळ्यातील गोष्ट. पालीत दोन दिवस संततधार लागली होती. अंबा नदीच्या पुलावर पाणी आल्याने गाड्या खोळंबल्या होत्या. आमचे 'हे' नागोठण्याच्या कंपनीतून घरी पोहोचतात की नाही या काळजीत मी स्वयंपाकाला लागले. वाऱ्याने पाऊस आत येतो म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या. तेल तापले, लसूण ठेचून टाकला, वर तिखट आणि मूठभर सुकट. घरोघरी होते तशीच ही फोडणी. पण आतल्या खोलीत बसलेल्या सासूबाईंना जो ठसका लागला तो थांबेना. चेहरा काळानिळा पडला, श्वास छातीत मावेना. कढई खाली उतरवून मी खिडक्या उघडल्या, त्यांना ओटीवर आणून बसविले, तेव्हा कुठे दहा-पंधरा मिनिटांनी त्या बोलू लागल्या.

पाऊस ओसरल्यावर त्यांना पनवेलला नेऊन फुंकर मारायची तपासणी केली. डॉक्टरांनी विचारले, "आजी, बिडी ओढता का? मशेरी?" सासूबाई म्हणाल्या, "मशेरी लावते. बिडी कधी हातात धरली नाय." मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न केला, "चूल किती वर्षं फुंकलीत?" सासूबाईंनी बोटे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या नातवाच्या जन्मापर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांच्या आसपास. आजाराचे नाव सीओपीडी निघाले. फुफ्फुसातील श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. गेलेली ताकद औषधाने परत येत नाही, उरलेली जपायची. डॉक्टरांनी फवाऱ्याचे औषध दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "चूल गेली हे चांगलं झालं, पण फोडणीचा धूरही यांना नको. स्वयंपाकघराचं काहीतरी करा."

ते 'काहीतरी' म्हणजे चिमणी, असे आम्ही सर्वांनी परस्पर ठरविले. सासूबाईंना सांगितले तर त्या हसल्या. "चिमणी होतीच की आपल्याकडं, रॉकेलची. तिनं तर छत काळं केलं." आमच्या पिढीला चिमणी म्हटले की काचेच्या तिरप्या पाट्याचे यंत्र दिसते, त्यांना वातीचा दिवा. गंमत अशी की, पुढे आमच्या घरी जी पहिली चिमणी बसली तिच्या बाबतीत सासूबाईंचेच म्हणणे खरे ठरले. तो फसलेला व्यवहार वाचक भगिनींपुढे मांडावा म्हणूनच हा लेख.

तत्पूर्वी धुराविषयी थोडे. खेड्यातील बाईच्या खोकल्याला आपल्याकडे आजार मानण्याची रीतच नव्हती. वय झाले, थंडी बाधली, असे म्हणून सोडून देत. जुन्या कौलारू घरात चूल एका कोपऱ्यात, शेजारी वैल, वर बांबूच्या माळ्यावर सरपण आणि टांगलेले बोंबील. धुराने बियाण्याला कीड लागत नाही, आढ्याच्या लाकडाला वाळवी लागत नाही, हे खरेच होते. म्हणून धूर घरात कोंडला तरी कुणाला वावगे वाटत नसे. लाकूड वाचले, बियाणे वाचले. बाईच्या छातीचा हिशेब कुणी ठेवला नाही. पुरुष शेतावर किंवा कामावर. पावसाळ्यात ओली लाकडे फुंकणीने फुंकत बसणारी ती एकटी, आणि तिच्या मांडीवर तान्हे मूल.

हा हिशेब ठेवायला सुरुवात झाली ती १९८०च्या सुमारास. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसोबत गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजण्याची यंत्रे लावली आणि चुलीपुढे बसलेली बाई प्रत्यक्षात किती धूर श्वासात घेते ते मोजले. १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे २००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी प्रा. पीटर बार्न्स यांच्यासह 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, सीओपीडी हा केवळ बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नव्हे. कधीही धूम्रपान न केलेल्या माणसांतही तो मोठ्या प्रमाणावर असून लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा यांचा धूर हे त्याचे जगातील एक मुख्य कारण असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

आता गॅस आला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गरिबांच्या घरीही सिलिंडर पोहोचला, जरी तो पुन्हा भरून आणताना हात आखडतो आणि न्हाणीच्या पाण्यासाठी बाहेर चूल पेटतेच. पण गॅस म्हणजे धूर संपला असे नव्हे. गॅसची ज्योत स्वतः नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू सोडते. त्याने दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. आणि तेल फार तापले की त्यातून निघणारी वाफ डोळे-नाक झोंबविते. कडक आचेवरील तळणाच्या धुराला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे. हे वाचून कुणी घाबरून वडे तळायचे थांबवू नये. मात्र ज्या घरात दम्याचा माणूस, तान्हे मूल किंवा गरोदर सून आहे त्या घराने तो धूर बाहेर काढणे ही चैन समजू नये.

आम्ही दुकानात गेलो ते 'हे', धाकटे दीर आणि मी. मला बाहेरून दिसली ती काळी काच, हात हलवला की सुरू होणारे बटण आणि निळा दिवा. दिरांनी विचारले, "ताकद किती?" विक्रेत्याने मोठा आकडा सांगितला. यांनी विचारले, "साफ करावी लागते?" विक्रेता म्हणाला, "काही नाही साहेब, आपोआप साफ होते." स्वयंपाक मी करते, पण मी कोणत्या शेगडीवर फोडणी देते, भाकरी कुठे भाजते, माझी उंची किती, हे कुणी विचारले नाही आणि मलाही सांगायचे सुचले नाही. भिंतीला नव्या फरशा लावलेल्या, त्या फोडायला नकोत असे घरात आधीच ठरले होते. त्यावर विक्रेत्याने तोड सांगितली : पाईप लावायचीच गरज नाही, कोळशाची गाळणी बसवली की हवा शुद्ध होऊन परत घरातच येते. आम्हाला पटले. यंत्र बसवायला आलेल्या मुलाने यांच्या डोक्याला लागू नये म्हणून ते शेगडीपासून चांगले तीन फूट वर ठोकले.

महिन्याभरात ओट्यावरचे छत चिकट पिवळे झाले. वाफेने भिंतींना घाम सुटायचा. आणि फोडणी दिली की सासूबाईंचा ठसका होता तसाच. फरक इतकाच की आता यंत्राच्या घरघरीत तो मला उशिरा ऐकू येई.

चूक कुठे झाली हे समजून घ्यायला यंत्राचे पोट उघडून पाहण्याची गरज नाही. चिमणीत असतो एक पंखा, त्याच्या आड तेल अडविणारी जाळी, आणि पुढे हवा बाहेर सोडणारा पाईप. यातील पाईप काढून टाकला तर उरते काय? गाळणीतील कोळसा वास थोडाफार शोषतो, तोही भरला की दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. पण उष्णता, वाफ, ज्योतीचे वायू हे कोळशाला जुमानत नाहीत. ते घरातले घरातच फिरत राहतात. बिनपाईपची चिमणी म्हणजे केर काढून तो सुपात भरायचा आणि पुन्हा त्याच खोलीत ओतायचा. ज्यांना भाड्याच्या खोलीत भिंत फोडताच येत नाही त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी तेवढ्या पैशात खिडकीत पंखा बसवावा हे बरे. ज्यांची भिंत स्वतःची आहे त्यांनी फरशीचे प्रेम बाजूला ठेवावे.

हे आपल्याकडे पूर्वीही घडलेले आहे. धूर नळीने बाहेर काढण्याची कल्पना काही आजची नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने नळीची 'मगन चूल' तयार केली, हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी १९५०च्या दशकात बिनधुराच्या चुलीचा पुरस्कार केला, आणि १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. गावोगाव मातीच्या-सिमेंटच्या चुली बसल्या. पण अनेक घरांत नळी काजळीने तुंबली, कुठे फुटली, कुठे कौलापर्यंत पोहोचलीच नाही. ती साफ कशी करायची हे चूल पेटविणाऱ्या बाईला नीट दाखविलेले नव्हते. चूल नवी, धूर जुना. २००२च्या सुमारास तो कार्यक्रम आटोपला. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, सुधारित चुलींचे काम पुढेही चालविले. या सर्वांतून एकच गोष्ट दिसते, चूल असो की चमकणारी काच, नळी हाच तिचा जीव आहे. आमच्या ओट्यावर हीच चूक काचेची होऊन बसली होती.

दुसरी चूक उंचीची. दिवा फुंकर मारून विझविता येतो, पण तोंडाने हवा आत ओढून विझविता येतो का? करून पाहा. फुंकलेली हवा एका रेषेत लांब जाते. ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी, जवळची तेवढीच येते. म्हणून पंखा कितीही दांडगा असला तरी तीन फुटांवरचा धूर तो 'खेचून' घेत नाही. धूर आपल्या उष्णतेने वर चढतो आणि चिमणीने त्याला वाटेत फक्त झेलायचे असते. जितके वर जाल तितका तो लोट पसरतो आणि कडेने निसटतो. गॅसच्या शेगडीपासून चिमणीच्या खालच्या कडेपर्यंत साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, म्हणजे २६ ते ३० इंच अंतर असावे; नेमका आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि त्याहून खाली आणू नये, कारण तेल साचलेल्या जाळीला ज्योत लागण्याचा धोका असतो. कुणाच्या डोक्याला लागेल यावर नव्हे, तर स्वयंपाक करणारीच्या उंचीवर आणि या मापावर ती जागा ठरवावी.

शेवटी आम्ही खोपोलीहून एक जाणता मिस्त्री बोलाविला. यांना फरशी फुटण्याचे दुःख होतेच. मिस्त्रीने गोल कापणाऱ्या यंत्राने एकच नीट भोक पाडले, तीन फरशा गेल्या. त्याने जे केले आणि करता करता जे सांगितले ते येथे देते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

पाईप सहा इंचीच हवा. यंत्राचे तोंड सहा इंचाचे असताना पुढे स्वस्तातला चार इंची पाईप जोडला तर पंखा गुदमरतो, आवाज वाढतो, धूर परततो. पाईप जितका आखूड आणि सरळ तितका चांगला. प्रत्येक वळण ताकद खाते. ॲल्युमिनियमचा घड्यांचा पाईप असेल तर तो पूर्ण ताणून बसवायचा, नाही तर घडीघडीत तेल साचते. काही घरांत पाईप माळ्यावर किंवा खोट्या छताच्या पोटात सोडून देतात. म्हणजे तेलकट वाफ लाकडावर आणि वायरींवर बसणार. पाईप उघड्या आभाळाखाली निघाला पाहिजे. आणि तो शेजारणीच्या खिडकीसमोर निघू नये, ही माणुसकीची गोष्ट.

आमच्या भागात आणखी एक बाब आहे. सुधागड तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी. ज्या डोंगरांत ठाणाळे-खडसांबळ्याची बौद्ध लेणी कोरली गेली त्या डोंगरांवर आदळून पाऊस येतो तो आडवा. पश्चिमेच्या भिंतीला पाईपचे तोंड काढले तर वाऱ्यासह पाणी सरळ यंत्राच्या मोटारीत. म्हणून मिस्त्रीने सरसगडाच्या बाजूची भिंत निवडली, पाईपला बाहेरच्या अंगाने किंचित उतार दिला, तोंडाला खाली वाकलेली टोपी बसविली आणि तिच्यात हवा आली तरच उघडणारी पातळ झडप. झडप नसेल तर उन्हाळ्यात चिमण्या, म्हणजे खऱ्या चिमण्या, आत घरटे करतात आणि पावसाळ्यात उंदीर शिरतात.

यंत्र २८ इंचांवर उतरविले. मग मिस्त्रीने एक उदबत्ती मागितली. पंखा सुरू करून त्याने ती पेटती उदबत्ती पुढच्या शेगडीवर, मागच्या शेगडीवर, डाव्या-उजव्या कडेला अशी फिरविली. मागे धूर सरळ वर वळत होता. पुढच्या कडेला मात्र तो माझ्या तोंडाकडे येत होता. छताचा पंखा बंद केल्यावर तोही वळला. ओट्याशेजारची खिडकी उघडली की पुन्हा विस्कटायचा. ती लावून समोरच्या दाराची फट ठेवली की ठीक. बाहेर हवा टाकायची तर तितकी आत यायला वाट हवी, पण ती ओट्याच्या लगतची नको. फोडणी आणि तळण मागच्या शेगडीवर, भात-वरण पुढच्या, एवढी एक सवय मी बदलली. दोन पैशांच्या उदबत्तीने जे कळले ते चकचकीत माहितीपत्रकात नव्हते. नवे यंत्र बसविताना भगिनींनी ही परीक्षा कारागीर घरात असतानाच घ्यावी, तो गेल्यावर नव्हे.

आता ताकदीच्या आकड्याकडे येऊ. खोक्यावर 'तासाला १२०० घनमीटर', '१५०० घनमीटर' असे लिहिलेले असते. आमचे स्वयंपाकघर १० फूट लांब, ८ फूट रुंद, १० फूट उंच. म्हणजे ८०० घनफूट किंवा सुमारे २३ घनमीटर. तासातून दहा-बारा वेळा ही सगळी हवा बदलायची तर २३० ते २७५ घनमीटर पुरे. भर फोडणीचा लोट सापडावा म्हणून दुप्पट-तिप्पट ताकद हाताशी असावी, म्हणजे ६०० ते ८००. खोक्यावरील मोठा आकडा बहुधा पाईप न जोडता मोजलेला असतो. पाईप, वळण, तेलकट जाळी यांनी तो बराच खाली येतो हे खरे. तरी लहान घराला दीड हजाराचा हट्ट धरण्याचे कारण नाही. ज्यांचा ओटा दिवाणखान्याला लागून उघडा आहे त्यांनी मात्र दोन्ही खोल्यांचे माप धरावे. रुंदीच्या बाबतीत साधा नियम : चिमणी शेगडीहून अरुंद नसावी. दोन-तीन बर्नरला ६० सेंटिमीटर चालते, मोठ्या चार बर्नरला ७५ किंवा ९० लागते. काचेचा पसारा यात धरू नका; खालून पाहिल्यावर हवा ओढणारा भाग किती आहे ते पाहा.

जाळीत तीन प्रकार. बारीक तारांची जाळी स्वस्त, पण आपल्या मसाल्याच्या तेलाने आठ-दहा दिवसांत तुंबते. वळणाच्या पट्ट्यांची, जिला बॅफल म्हणतात, ती तेल पट्ट्यांवर आपटून खाली गाळते; महिन्यातून एकदा कोमट पाणी, सोडा आणि साबणाने धुतली की भागते. तिसरी बिनजाळीची, पंखाच गरगर फिरून तेल कडेला फेकतो आणि ते वाटीत साचते. 'आपोआप साफ' म्हणजे आत एक तापणारी तार असते, बटण दाबले की चिकटलेले तेल वितळून वाटीत येते. वाटी ओतायची, कडा पुसायच्या, वर्ष-दोन वर्षांनी यंत्र खोलून धुवायचे, हे सर्व उरतेच. पालीसारख्या गावात दुरुस्तीचा माणूस पनवेलहून येतो, त्याचे भाडे वेगळे. म्हणून मी बॅफलच्या बाजूची आहे. जे आपल्या हाताने काढून मोरीत घासता येते ते टिकते.

आवाज दुकानातच ऐकावा, सर्वांत वरच्या गतीवर. आवाजाच्या मापात दहाचा फरक पडला की कानाला तो जवळजवळ दुप्पट वाटतो. असह्य आवाजाचे यंत्र बाई बंद ठेवते, आणि बंद चिमणी म्हणजे भिंतीवरचे कपाट. विजेची भीती नको. २०० वॅटची मोटार रोज दोन तास चालली तरी महिन्याला १२ युनिट. फोडणीच्या पाच मिनिटे आधी सुरू करावी आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटे चालू ठेवावी. वांगे किंवा पापड ज्योतीवर भाजायचा तर आच लहान ठेवावी. आणि एक गोष्ट मुलींना, सुनांना, म्हाताऱ्यांना बजावून ठेवा : गॅसचा वास आला तर चिमणी सुरू करायची नाही, कुठलेच बटण दाबायचे नाही. आपला गॅस हवेहून जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. वरची चिमणी त्याला ओढत नाही, उलट बटणाची ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघडी, आणि बाहेर.

हे सर्व वाचून काही भगिनी म्हणतील, बाई, तुमचे दहा बाय आठचे स्वयंपाकघर आहे, आमचे रमाई योजनेतील २६९ फुटांचे घरकुल, त्यात ओटा म्हणजे एक कोपरा. तेथे काय चिमणी लावणार? रास्त प्रश्न आहे. सात-आठ हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत जाणारे हे यंत्र प्रत्येकीने घ्यावे असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्याच वस्तीत एका ताईंनी दोन हजारांच्या आत काम भागविले. शेगडीच्या बरोबर वर, भिंतीत उंचावर नऊ इंची बाहेर फेकणारा पंखा, आणि त्याच्याभोवती पत्र्याच्या कारागिराकडून वाकवून घेतलेली तिरपी पडवी, जेणेकरून धूर पसरण्याआधी पंख्यापाशी गोळा व्हावा. पात्यांवर तेल साचते, ते पंधरवड्याला वीज बंद करून पुसतात. उदबत्तीच्या परीक्षेत हा पत्रा आमच्या पहिल्या काचेच्या चिमणीपेक्षा कितीतरी चांगला उतरला. घरकुल बांधतानाच ओटा बाहेरच्या भिंतीला घ्यावा आणि त्या भिंतीत भोक ठेवायला गवंड्याला सांगावे. तेव्हा ते फुकट पडते, नंतर फरशा मोजाव्या लागतात. ज्यांच्याकडे अजून चूल पेटते त्यांनी तिच्यावर विजेची चिमणी चुकूनही लावू नये, ठिणगी आणि काजळी दोन्ही वाईट. चुलीला छपराच्या आढ्याहून वर जाणारे धुराडेच हवे आणि ते वर्षातून एक-दोनदा झाडले पाहिजे. शक्य असेल तर चूल पडवीत. हिवाळ्यात शेतावर वालाच्या शेंगांची पोपटी लावतो तेव्हा भांबुर्डीच्या पाल्याचा धूर आपण हौसेने अंगावर घेतोच की. वर मोकळे आभाळ असते.

दुकानात जाताना माप घेऊन जावे : शेगडीची रुंदी, ओट्यापासून छताची उंची, बाहेरच्या भिंतीपर्यंतचे अंतर. पाईप, टोपी, भोक पाडणे, बसविणे यांचे पैसे किमतीत आहेत की वेगळे, ते बिलावर लिहून घ्यावे. आणि स्वयंपाक करणारी बाई सोबत असेल तर बोलणे तिने करावे. आम्ही तिघे गेलो होतो आणि जिला रोज दोन वेळा त्या यंत्राखाली उभे राहायचे होते तीच गप्प होती.

सासूबाईंची छाती काही पूर्ववत झालेली नाही. फवारा दोन वेळा चालूच आहे, चढ चढताना थांबावे लागते. पण या पावसाळ्यात त्या पुन्हा ओट्याशेजारी पाटावर बसून लसूण सोलू लागल्या आहेत. परवा सुकटीची फोडणी दिली तेव्हा त्यांनी मान वर करून चिमणीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "लसूण जळाला गो." खरेच जळाला होता.

घराबाहेर टोपीखाली भिंतीवर तेलाचा तपकिरी ओघळ उतरला आहे, तो चुन्याने झाकायचा राहिला आहे. आणि पलीकडच्या आळीतील काकू संध्याकाळी येता-जाता विचारतात, "आज तुमच्याकडं सुकट वाटतं?"